धड्यातली मुलगी

२ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय शिट्टी,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. माझ्यापुढे चाचणीच्या वह्यांचा ढीग होता. शिपायानं पाकीट त्या ढिगावरच ठेवलं आणि म्हणाला, "आपा, तुम्हाला हातानं लिहिलेलं पत्र! आजकाल असं कोण लिहितं?" पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. शेवटच्या अक्षराचं शेपूट कागदाच्या कडेपर्यंत ओढायची तुझी सवय अजून गेली नाही. सातवीत त्याच्यापायी तुझे किती अर्धे गुण कापले असतील मी!

शिट्टी म्हटलेलं चालेल ना? पुढच्या दोन दातांच्या फटीतून तुझा 'स' असा काही वाजायचा की 'सिद्क' म्हणायला उभी राहिलीस की अख्खा वर्ग खुसखुसायचा. तूही हसायचीस. आता चौतीस वर्षांची झालीस, मुलगी सातवीत आहे, शिलाईच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवतेस, हे सगळं वाचून बरं वाटलं. मुलगी अभ्यासात हुशार आहे म्हणतेस. असणारच.

माझं म्हणशील तर चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण वर्गात उभं राहिलं की गप्प बसतात. मार्चमध्ये निवृत्त होईन. घरी मी एकटीच. हे जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत, आपल्याच शाळेत शिकलेल्या, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असतील. विज्ञानाच्या खोलीत आता फरशी आहे, पाण्याचे नळ आहेत. पाणी भरणारी, झाडलोट करणारी आपली खाला मात्र चार वर्षांपूर्वी अल्लाला प्यारी झाली. शेवटच्या दुखण्यापर्यंत फाटकापाशी खुर्ची टाकून बसायची आणि घंटा द्यायची. एका डोळ्यानं दिसायचं नाही, दुसऱ्यानं अंधूक, पण घंटेचं एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

तुम्हा मुलींवर मी आजमावून पाहिलेला तो अखलाकचा, म्हणजे सदाचरणाचा अभ्यासक्रम, दर महिन्याला एक गुण, तो आता छप्पन्न शाळांमध्ये चालतो. सिद्क म्हणजे खरं बोलणं, अमानत म्हणजे सोपवलेलं जपणं, मग सब्र म्हणजे धीर, अदल म्हणजे न्याय, रहम म्हणजे दया, खिदमत म्हणजे सेवा. तुमच्या वेळी मी ते सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांवर वाटायचे, हात काळे व्हायचे. आता रंगीत चित्रांचं पुस्तक आहे. चारित्र्य पत्रकही आहे, त्यात प्रत्येक गुणाला श्रेणी. गेल्या वर्षी एका मुलीची आई तणतणत आली. "माझ्या मुलीला सब्रमध्ये 'ब' कशी दिलीत? आत्ताच्या आत्ता बदला, मी थांबणार नाही!" आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून बाहेर पळालो.

तर त्या पुस्तकातला नववा धडा तुझ्या मुलीनं घरी मोठ्यानं वाचला आणि तू शिवण बाजूला ठेवलंस. धड्यात एक मुलगी असते. तिच्या पुढच्या दोन दातांत फट असते. पाहुण्यांच्या अभिप्रायवहीवर तिच्या हातून शाईची बाटली सांडते, कोणी पाहिलेलं नसतं, पण ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाते आणि सांगते. तिची शिक्षिका तिला सगळ्यांसमोर जवळ घेते आणि म्हणते, आज तू आम्हालाच शिकवलंस.

तू विचारलंस, "आपा, या धड्यातली मुलगी मी आहे का?"

हो. तूच आहेस. धडा मीच लिहिला. शाई मी घातली, बाकी धाडस तुझं होतं. तुझ्यासारखी मुलगी मला पुन्हा वर्गात मिळाली नाही, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सवडीनं लिहीन. आज वह्यांचा ढीग संपवायचा आहे.

मुलीला खूप दुआ.

तुझी,
आपा

२० सप्टेंबर, शनिवार

प्रिय शिट्टी,

अस्सलामु अलैकुम.

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस. सवडीनं लिहीन या ओळीखाली लाल रेघ, आणि समासात तीन शब्द : "उत्तर राहिलं आहे." मी तुमच्या वह्यांवर जसं लिहायचे, अगदी तसं.

चार दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरते आहे. आज शाळेला अर्धी सुट्टी, मुली गेल्या. विज्ञानाच्या खोलीतच बसून लिहिते आहे. आज ढीग नाही, बहाणा नाही.

तू विचारलं होतंस, "आपा, ती बाटली टेबलावर होती, की मी कपाटातून काढली? लहानपणी मला पक्कं आठवायचं. पण इतकी वर्षं सगळे म्हणत आले, त्यामुळे आता मला खरंच आठवत नाही. कधी कधी मला कपाटाची कडी माझ्या हातात दिसते."

बाटली टेबलावर होती. कपाटाला कुलूप नव्हतं. तू कपाटाला हात लावला नाहीस. जी कडी तुला दिसते ती आम्ही तुझ्या हातात दिली.

हे लिहायला मला बावीस वर्षं लागली आणि लिहून झालं तर चार ओळीसुद्धा भरल्या नाहीत.

आता सगळं सांगते. तुला त्यातलं पुष्कळ माहीत आहे, पण माझ्या बाजूचं माहीत नाही.

सिद्कचा महिना होता. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, आजूबाजूच्या शाळांमधले लोक आपला अभ्यासक्रम बघायला येणार होते. फळ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, की या महिन्यात जी मुलगी आपली चूक स्वतःहून सांगेल तिला शिक्षा होणार नाही. खाली माझी सही. तुम्ही मुलींनी त्या सहीभोवती खडूनं फुलं काढली होती.

दुपारी मी सहावीला प्रयोग करून दाखवला. तीव्र आम्लाच्या काचेच्या बाटलीचं बूच तुटलं होतं. ते आम्ल मी सरबताच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं. चिठ्ठी चिकटवायची होती, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली की मंचाचं कापड आखूड पडतंय. मी म्हटलं, आल्यावर चिकटवते. बाटली खिडकीपाशी टेबलावर, उन्हात. कपाट उघडं. आणि मी जी गेले ती परत खोलीत आलेच नाही. सरळ घरी गेले.

त्या आठवड्यात तुझ्यावर खिदमतची पाळी होती. खोली आवरताना तुला पाण्यासारखं काहीतरी भरलेली बाटली दिसली, तू ती कोपऱ्यातल्या मोरीपाशी, खालाच्या फडक्यांजवळ नेऊन ठेवलीस. पाण्याची बाटली मोरीपाशी. त्यात काय चुकलं होतं? मी आजही कोणाला विचारलं तर कोणीही हेच करेल. सकाळी खालानं फडकं ओलं करायला बाटली हातात घेतली. झाकण घट्ट बसलं होतं, म्हणून तोंडाजवळ धरून पिळलं. आत वाफ कोंडली होती.

खालाचा आवाज तू ऐकलास. मी नाही ऐकला. मी मंचावर फुलदाण्या मांडत होते.

कार्यक्रम रद्द झाला नाही. दवाखान्यात नेलं, काळजीचं कारण नाही, असं पाहुण्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मोठ्या आपा, विश्वस्तांपैकी दोघं आणि मी. खालाचा उजवा डोळा गेला असं दवाखान्यातून कळलं होतं. खालानंच संडास धुवायचं आम्ल चुकून भरून ठेवलं असणार, असं जवळजवळ ठरत आलं होतं. मी काही बोलत नव्हते. तेवढ्यात दारात तू उभी. कोणी बोलावलं नव्हतं.

"मला सगळं सांगायचंय," तू म्हणालीस. दोन्ही 'स' वाजले. कोणी हसलं नाही. "ती बाटली मी मोरीपाशी ठेवली. मला वाटलं पाणी आहे. खालाची चूक नाही."

"कुठून घेतलीस?" मोठ्या आपांनी विचारलं.

"टेबलावर होती."

मोठ्या आपा माझ्याकडे वळल्या. "कपाटाला कुलूप होतं ना?"

मी म्हटलं, "होतं."

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. फळ्यावर माझं गणित चुकलं की वर्गात सगळ्यात आधी तुझ्या लक्षात यायचं. तू हात वर करायची नाहीस. मी स्वतःहून पुसते का, याची वाट बघायचीस. तशीच बघत होतीस. मी नजर खाली घातली. तू तरी थांबलीस. मला वाटतं, पूर्ण एक मिनिट थांबलीस.

मला नोकरीची भीती नव्हती, हे तुला कळायला हवं. कारण तसं असतं तर निदान माणूस समजू शकतो. मला अभ्यासक्रमाची भीती होती. पाच वर्षं खपून केलेला. आदल्याच दिवशी पाहुणे म्हणाले होते, आमच्याही शाळांना द्या. अमानत शिकवणारी बाई आम्ल उघड्यावर टाकून घरी गेली, असं बाहेर कळलं असतं तर कोणी त्याला हात लावला असता? मी मनात हिशेब केला, शेकडो मुलींचं भलं एकीकडे आणि एक मुलगी एकीकडे. मला वाटलं, ही बारा वर्षांची आहे, हिला रागावतील आणि सोडून देतील. फळ्यावर माझी सही आहेच.

त्यांनी सोडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की चूक सांगायला आली हे ठीक, पण किल्लीची जागा पाळीच्या मुलींना ठाऊक असते, तिनं कपाट उघडलं हे लपवलं, म्हणजे अर्धं खोटं बोलली. आणि ज्या शाळेत सिद्क शिकवतात तिथे अर्धं खोटं चालवून घेतलं तर लोक काय म्हणतील. तुला काढायचं कारण माझाच अभ्यासक्रम झाला. दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढे मोठ्या आपांनी 'विश्वासपात्र नाही' असं लिहिलं. तो दाखला मी वाचला होता. असा दाखला घेऊन तुला दुसरी शाळा घेणार नाही, हे मला कळत होतं.

आणि आणखी एक आहे. ते तुला माहीत नाही.

तुझे अब्बा तुला न्यायला आले होते. सुतारकाम अर्धवट टाकून आले होते, बाह्यांवर भुसा होता. तू फाटकापाशी दप्तर घेऊन उभी होतीस. ते जिन्यात मला गाठून म्हणाले, "आपा, मी अडाणी माणूस. तुम्ही तिला ओळखता. एवढंच सांगा, माझी मुलगी खोटं बोलते का?"

तिथे मोठ्या आपा नव्हत्या. विश्वस्त नव्हते. अभ्यासक्रमाचं काही बुडत नव्हतं. त्या माणसाच्या कानात मी दोन शब्द सांगितले असते तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "मुलं घाबरली की बोलतात कधी कधी."

त्यांनी मान हलवली. मला सलाम केला आणि जिना उतरून गेले.

तू पत्रात लिहिलं आहेस, की अब्बांनी घरी एकदाच विचारलं आणि तू 'टेबलावर' म्हणताच ते उठून गेले, पुढे तुझ्याशी नीट बोललेच नाहीत, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं, आणि अकरा वर्षांपूर्वी गेले. "अब्बा इतके का बदलले, मला कधी कळलं नाही," असं लिहिलंस. आता कळलं.

धडा मी त्यानंतर तीन वर्षांनी लिहिला. खोलीत तुला जवळ घेतलं नव्हतं, म्हणून पुस्तकात घेतलं. लिहिताना मला रडू आलं होतं आणि रडल्यावर बरंही वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

इतकी वर्षं मी नमाजनंतर तौबा करत आले. पण माणसाचा हक, म्हणजे त्याचं आपल्यावरचं देणं, तो माणूसच माफ करू शकतो, तिथे अल्लाकडे परस्पर जाता येत नाही, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. फळ्यावर लिहून देते. मुली वहीत उतरवून घेतात.

माझ्याकडून काय व्हायला हवं ते तू सांग. तू सांगितलं नाहीस तरी मला काय करायचं ते आता ठाऊक आहे.

आपा

१ नोव्हेंबर, शनिवार

अस्सलामु अलैकुम.

तुझं कार्ड मिळालं. "बाटली टेबलावर होती. मला बरोबर आठवत होतं. मला शिट्टी म्हणू नका." त्याखाली सहीसुद्धा नाही. म्हणून वर नाव घातलेलं नाही. दुसरं कोणतं नाव घ्यायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

काय काय झालं, ते फक्त कळवते.

आधी खालाच्या मुलीकडे गेले. तीही आता पन्नाशीला टेकली. दवाखान्यात आया आहे. दोन खोल्यांचं घर, दाराशी कपडे वाळत घातलेले. तिनं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. आई आजारी असताना मी दर आठवड्याला यायचे, त्याचं तिला अजून कौतुक. मला ते ऐकवेना. मी मध्येच थांबवून सांगितलं. सगळं सांगितलं.

तिनं पाण्याचा पेला उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "अम्मी त्या मुलीची आठवण काढायची. म्हणायची, पोर माझ्यासाठी खरं सांगायला गेली होती. आम्हीच तिला गप्प करायचो. म्हणायचो, तिनं तुझा डोळा घेतला आणि तू तिचं कौतुक करतेस?"

मी म्हटलं, "चूक माझी होती."

"ते कळलं," ती म्हणाली. "पण तुम्ही अम्मीच्या उशाशी बसायचात ना, आपा? तासन्‌तास. तेव्हा का नाही सांगितलं? तिला ऐकायला आलं असतं. कान चांगले होते तिचे."

दोनदा जिभेवर आलं होतं आणि दोन्ही वेळा मी खालाची चादर सारखी करत बसले. हे मी तिला सांगितलं नाही, तुला सांगते आहे.

निघताना तिनं मला दारापर्यंत सोडलं. "तुमचं ओझं उतरलं," ती म्हणाली. "माझ्या घरात नवीन आलं. बावीस वर्षं आम्ही एका लेकराला शिव्या दिल्या. आता त्याचं काय करायचं ते सांगा." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं.

नंतर अभ्यासक्रम समितीची बैठक. मी नवव्या धड्याबद्दल लेखी दिलं. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपा, इतक्या वर्षांनी?"

"उशीर झाला. कबूल आहे."

"पण धडा तर चांगला आहे ना! मुलींवर परिणाम होतो. पालक सांगतात."

मी म्हटलं, "खऱ्या मुलीचं काय झालं ते खाली छापा. तिला काढलं, आणि काढायला मी खोटं बोलले, असं छापा. मग होऊ दे काय परिणाम व्हायचा तो."

"मुलींचा शिक्षकांवरचा विश्वास उडेल."

"कोणत्या शिक्षकांवरचा?"

चहा आला, प्याला गेला. शेवटी ठरलं, की पुढच्या आवृत्तीतून धडा गाळायचा. त्याजागी झाडांची निगा यावर काहीतरी घालणार आहेत. तळटीप नाही, कारण नाही. मी विरोध केला, तो नोंदवूनही घेतला, पण बहुमत त्यांचं. छापलेली पुस्तकं वर्ष संपेपर्यंत चालतील. म्हणजे तुझ्या मुलीला परीक्षेला तो धडा आहेच. मी काही करू शकले नाही.

दाखल्याचं मात्र झालं. आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. मला वाटलं होतं, ही पोरगी माझ्या हाताखाली शिकली, मला सांभाळून घेईल. तिनं सांभाळून घेतलं नाही, हे बरं केलं. सगळं ऐकून घेतलं, लोखंडी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि तुझी ओळ शोधून माझ्यापुढे ठेवली.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "तुम्ही लिहा. माझ्यासमोर. सही तुमची, साक्ष माझी."

मी लिहिलं : "ही नोंद चुकीची आहे. विद्यार्थिनी पूर्ण खरं बोलली होती. विज्ञानशिक्षिकेनं खोटं सांगितलं." सही केली. तिनं खाली आपली सही केली, शिक्का मारला आणि नवा दाखला काढला. 'वर्तणूक' पुढे काय लिहू, असं तिनं मला विचारलं. मी पेन तिच्यापुढे सरकवलं. मग तिनंच लिहिलं, 'सत्यवचनी'. असा शब्द त्या जागी आजवर कोणाला मिळाला नसेल. पण त्याचा आता तुला उपयोग काय? तू शाळेत जायची नाहीस. तुझे अब्बा तो वाचायला नाहीत. तरी दाखला आणि रजिस्टरच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. मुलीला दाखवायची की नाही, ते तू ठरव.

मोठ्या आपांचं विचारशील तर त्या हयात आहेत, पण आता माणसं ओळखत नाहीत. मी जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "घंटा झाली का?"

आणि काल सातवी 'ब'च्या वर्गात सांगितलं. समितीनं सांगू नका म्हटलं होतं, पण ज्या मुलींना मी तो धडा शिकवला त्यांना न सांगता निघून जाणं मला जमेना. पुस्तक मिटायला लावलं. उभं राहूनच बोलले. समोर चाळीस मुली.

संपल्यावर मागच्या बाकावरची एक उभी राहिली. फार बोलणारी नाही ती, चारित्र्य पत्रकात तिला नेहमी मधली श्रेणी मिळते. म्हणाली, "मग त्या मुलीला काय शिक्षा झाली?"

मी सांगितलं. शाळा गेली. सोळाव्या वर्षी लग्न. अब्बांचा विश्वास गेला. स्वतःच्या आठवणीवरचाही गेला.

"आणि तुम्हाला?"

मी म्हटलं, "काहीच नाही. मला आदर्श शिक्षिकेचा मान मिळाला."

ती खाली बसली नाही. मी 'बस' म्हणेपर्यंत थांबायची रीत आहे, म्हणून उभी होती, की आणखी काही ऐकायचं होतं म्हणून, कोण जाणे. मला 'बस' म्हणता येईना. तास संपेपर्यंत ती उभी आणि मी उभी.

अखलाकचा तास मी कालपासून सोडला. मार्चपर्यंत फक्त विज्ञान शिकवीन. मुख्याध्यापिकांनी थांबवलं नाही. वर्गात आल्यावर मुली सलाम करतात, पण पूर्वी माझ्याभोवती गोळा व्हायच्या तशा होत नाहीत. ते मला मान्य आहे.

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते मागणंसुद्धा तुझ्यावर आणखी एक काम टाकणं आहे. देऊ की नको, याचा विचार तू करत बसायचीस आणि मी इकडे वाट बघत बसायची. तुझा हक तुझ्यापाशी आहे. जन्मभर तसाच ठेवलास तरी त्यात तुझं काही चुकत नाही, हे तुला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगते.

फक्त एक. कपाटाची कडी तुझ्या हातात पुन्हा कधी दिसली, तर रजिस्टरचं पान काढून वाच. कडी माझ्या हातात होती. कपाट मी उघडं टाकलं होतं.

उत्तर आलं नाही तरी ते मला मिळालं असं समजेन.

जिनं 'होतं' असं सांगितलं ती,
विज्ञानशिक्षिका, सातवी 'ब'